जमीन खरंच थकते का?

भिंगारच्या एका वाचकांनी लांबलचक पत्र लिहिलं आहे. सोबत माती परीक्षणाच्या दोन पत्रिका आहेत. पत्राचा गाभा असा :

"भिंगारच्या शिवारात आमची पाच एकर. तीन एकर वर, माळाच्या अंगाला, मुरमाड ते मध्यम. दोन एकर खाली ओढ्याकाठी, भारी काळी. वरच्या रानात आजोबा रब्बीची ज्वारी घ्यायचे. एकदोन वर्षांआड मेंढरं बसवायची, बास. गोणी हा प्रकारच नव्हता. आता आम्ही कांदा करतो, ज्वारी करतो, गोण्यांवर गोण्या रिकाम्या करतो, तरी रान दाद देत नाही. खालच्या काळीत विहिरीच्या बाजूला पांढरी परत यायला लागली आहे, तिथं कांद्याची रोपं धरतच नाहीत. गावात कोणी म्हणतं रासायनिक खतानं जमीन मेली, कोणी म्हणतं जमीन म्हातारी झाली."

पत्रातले प्रश्न एकेक करून घेऊ.

प्रश्न : जमीन खरंच थकते का?

थकत नाही. पण 'जमीन बिघडली' असं आपण एका दमात म्हणतो, त्यात तीन वेगळे बिघाड मिसळलेले असतात. एक, वरची माती पावसाबरोबर वाहून जाते. दोन, माती जागेवर असते पण तिच्यातला कुजलेला भाग, म्हणजे सेंद्रिय कर्ब, संपत आलेला असतो. तीन, मातीत क्षार किंवा सोडियम साठतं. तिन्हींची खूण सारखीच : पीक दबतं, पानं पिवळी पडतात, खत लागू पडत नाही. उपाय मात्र एकमेकांच्या कामाचे नाहीत. वाहत्या रानात शेणखत टाकलं तर तेही पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला जातं. चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या रानात युरिया ओतून काही होत नाही. उपाशी रानात जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

तुमच्या पत्रिका हेच सांगतात. वरच्या रानाचा सामू ८.१, विद्युत वाहकता ०.२१, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १५७ किलो, स्फुरद १६, पालाश ४१२. आपल्याकडच्या वर्गवारीत कर्ब ०.२१ ते ०.४० म्हणजे 'कमी', नत्र १४१ ते २८० म्हणजे 'कमी', स्फुरद १५ ते २१ म्हणजे 'मध्यम'. पालाश ३०० च्या वर गेलं की 'अत्यंत जास्त'. म्हणजे या रानात क्षारांची भानगड नाही, ते उपाशी आहे. शिवाय उतारावर आहे, म्हणून वाहतंही आहे. पालाशच्या गोणीवर मात्र तुम्ही आजवर बराच खर्च जास्तीचा केलेला दिसतो.

खालच्या रानाची वाहकता ०.८ आहे, ती फार नाही. पण सामू ८.९. साडेआठच्या वर सामू गेला की चोपणाची शंका घ्यायची. म्हणजे पाच एकरांत तिन्ही बिघाड आहेत, पण तिन्ही एका जागी नाहीत. दोन रानांचे नमुने वेगळे काढलेत हे फार बरं केलंत. एकत्र मिसळले असते तर सरासरी चांगली दिसली असती आणि काहीच कळलं नसतं.

प्रश्न : मग आजोबांच्या वेळी गोणीशिवाय कसं पिकायचं?

पहिली गोष्ट, पिकायचं ते कमी पिकायचं. कोरडवाहू मालदांडीचं रान एकरी चार-पाच पोती देऊन गेलं तरी वर्ष चांगलं म्हणत. जेवढं रानातून उचललं जाई, तेवढंच परत घालायचं होतं. आणि उचललेल्यातलंही पुष्कळ घरी फिरत राही. कडबा बैलांना, शेण उकिरड्यावर, उकिरडा पुन्हा रानात.

दुसरी गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. आजोबांच्या रानाला खत बाहेरून येत होतं, फक्त ते गोणीतून येत नव्हतं. मेंढरं दिवसभर गायरानात, माळावर, डोंगराच्या कडेला चरत आणि रात्री तुमच्या रानात बसत. पारनेरच्या ढवळपुरी भागातल्या धनगरांचे वाडे रब्बी निघाली की असे रानोरान फिरत. लेंडी आणि मूत दोन्ही थेट मातीत पडे. उकिरड्यावर मूत वाया जातं आणि जनावराच्या नत्राचा मोठा हिस्सा मुतातच असतो. थोडक्यात, सगळ्या माळाचा कस मेंढरांच्या पोटातून तुमच्या तीन एकरांत येत होता. आज माळावर प्लॉट पडले, गायरानं आकसली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. ती वाट बंद झाली.

आणि जमिनीतून निघणारा माल वाढला. एकरी शंभर क्विंटल कांदा निघाला तर त्याच्याबरोबर सुमारे ३० किलो नत्र रानातून बाहेर पडतं. ते नेप्तीच्या उपबाजारात ट्रकमध्ये चढतं आणि परत येत नाही. तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर हिशेब असा : चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र, म्हणजे टनाला पाच किलो, म्हणजे फक्त कांद्यानं नेलेलं भरून काढायला एकरी सहा टन. त्यातलंही सगळं पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं, म्हणजे चार टन शेणखताइतकं. गोणी घरात आली ती या हिशेबामुळे. तिला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही.

प्रश्न : पण रासायनिक खतानं जमीन मरते हे खरं की खोटं?

याचं उत्तर द्यायला दीर्घ काळ चाललेले प्रयोग लागतात आणि असे प्रयोग आहेत. इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला १८४३ साली गव्हाचा एक प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. त्याच रानाच्या एका पट्ट्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत, काही पट्ट्यांना फक्त रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतर नत्र-स्फुरद-पालाश तिन्ही मिळालेले पट्टे शेणखताच्या पट्ट्याच्या तोडीचा गहू देतात. जमीन मेलेली नाही. पण शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त झाला आहे, रासायनिक पट्ट्यात तो जेमतेम आहे.

थंड हवेतल्या इंग्लंडचा निकाल नगरला जसाच्या तसा लागू करता येत नाही. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७०-७१ पासून निरनिराळ्या राज्यांत असेच दीर्घकालीन प्रयोग चालवले. त्यांचा निष्कर्ष तीन ओळींत बसतो. नुसतं नत्र दिलेल्या रानांचं उत्पन्न वर्षागणिक घसरलं. तिन्ही अन्नद्रव्यं दिलेली रानं टिकली. तिन्हींबरोबर शेणखत दिलेली सगळ्यांत चांगली टिकली.

म्हणजे खोट गोणीत नाही, एकट्या युरियात आहे. आणि एकटा युरिया का पडतो हे दुकानाच्या फळीवरच लिहिलेलं असतं. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची १,३५०. हात कुठे जाणार हे सांगायला नको.

शिवाय तुमच्या चुनखडीच्या, आठाच्या वर सामू असलेल्या मातीत युरिया ओल्या रानावर नुसता भुरकावून दिला तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. पाभरीनं पेरून द्या, मातीआड करा किंवा दिल्यावर लगेच पाणी द्या. कांद्याला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी आहे. एकरी नत्राचा हिस्सा ४० किलो, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांपेक्षाही थोडा कमीच. तुम्ही किती गोण्या टाकता ते पत्रात लिहिलेलं नाही, पण 'गोण्यांवर गोण्या' हा शब्द बोलका आहे.

प्रश्न : कर्ब ०.३६ आहे. किती ट्रॉल्या शेणखत टाकलं म्हणजे वाढेल?

याचा हिशेब कागदावर मांडून बघा, कारण त्यानं पुष्कळ भ्रम उतरतात. एक एकर रानाच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन सुमारे नऊ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे त्या थरात ९०० किलो कर्ब टिकून राहायला हवा. चांगलं कुजलेलं शेणखत एक टन घेतलं तर त्यात निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात फार तर तिसरा हिस्सा कर्ब, म्हणजे टनाला दीडशे किलो. एकरी पाच टन टाकलं तर साडेसातशे किलो. पण आपल्या उन्हात जिवाणू त्यातला बहुतेक भाग वर्षा-दोन वर्षांत खाऊन हवेत सोडतात. मागे राहिला तर दोनशे किलो राहतो. म्हणजे दरसाल पाच टन टाकत राहिलात तर ०.१ टक्का चढायला चार-पाच वर्षं. तीही जुना कर्ब जागेवर राहिला तर.

एका हंगामात जमीन सुधारून देतो असं सांगणाऱ्या माणसाला हा हिशेब दाखवा.

जिवाणू खातात ही तक्रार नव्हे. ते खातात म्हणूनच नत्र सुटतं, माती कणीदार होते, पाणी मुरतं. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांना रोजचं खाद्य लागतं. म्हणून दर पाच वर्षांनी वीस ट्रॉल्या टाकण्यापेक्षा दरसाल चार टाकणं बरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे असलेला कर्ब जाळायचं थांबवणं. तो चार वाटांनी जातो : दरसाल खोल नांगरट, वारंवार रोटाव्हेटर, बांधावरचा आणि रानातला पालापाचोळा पेटवणं, आणि पावसाळ्यात रान उघडं ठेवणं. खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरे. रोटाव्हेटरनं माती पिठासारखी दिसते आणि डोळ्याला बरी वाटते, पण तेच पीठ पहिल्या पावसात थापलं जाऊन वर पापुद्रा धरतो.

ज्वारीची धसकटं वेचून पेटवू नका. कडबा जनावरांना जाणारच, तो जायलाच हवा. मुळं आणि धसकटं मात्र रानाची आहेत. जमिनीच्या पोटात जागच्या जागी कुजणारं मूळ हे बाहेरून आणलेल्या खतापेक्षा मोलाचं, हे कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर नांगरणीविना शेती करून वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

उकिरड्याचंही बघा. उन्हात उघडा पडलेला ढीग, त्यावर पाऊस, मधे प्लॅस्टिक आणि राख. सहा महिन्यांनी जे रानात जातं त्यात नत्र किती उरतं? १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून, ठरावीक वेळी ढीग पालटून तीनेक महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. त्यांचं पुस्तक १९३१ साली आलं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. खर्च काही नाही. सावली, ओल आणि दोनदा पालटण्याची मजुरी एवढंच. गोठ्यातली मूत भिजलेली माती आठवड्याला खरवडून ढिगावर टाकली तरी फरक पडतो.

भिंगारला एक सोय आहे, ती खेड्यात नसते. शहर आणि छावणी शेजारी असल्यानं दुधाचे गोठे जवळ आहेत, आणि गोठेवाल्यांना शेण कुठे टाकायचं हा प्रश्न असतो. शेण घ्या, बाजारातला भाजीपाल्याचा कचरा घ्या. मात्र शहरी कचऱ्यातलं प्लॅस्टिक, काच, बॅटऱ्या यांपासून लांब राहा. ते एकदा रानात गेलं की निघत नाही.

प्रश्न : जीवामृत टाकलं तर बाकी काही लागणार नाही, असं शिबिरात ऐकलं. खरं का?

रीत ठाऊक असेलच : दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहाएक लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती. आता यातलं नत्र मोजा. शेणातून सुमारे ३० ग्रॅम, गोमूत्रातून १०० च्या आसपास, बेसनातून ७०. सगळं मिळून पाव किलोच्या आत. हे एकराला. आणि कांदा नेतो ३० किलो.

जीवामृताची हेटाळणी करायचं कारण नाही. कुजवण्याच्या कामाला त्यातल्या जिवाणूंचा हातभार लागत असेल तर उत्तम. पण कुजवायला रानात काही असलं पाहिजे. पाचोळा, धसकटं, शेणखत असलेल्या रानात ते टाका. उघड्या मुरमावर शिंपडून पिकाची भूक भागणार नाही.

प्रश्न : वरच्या रानात दर वर्षी मुरूम जास्त दिसतो. तलावातला गाळ टाकू का?

आधी मुरूम वर का येतो ते पाहू. मुरूम वर येत नाही, त्याच्यावरची माती खाली जाते. एका एकरावरून एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे नखाच्या जाडीएवढी, तर ती चार घनमीटर होते. जवळजवळ दीड ब्रास, पाच टनांच्या पुढे. देशभरातल्या जमिनीवरून दरसाल सरासरी हेक्टरी १६ टनांच्या वर माती वाहते, असा अंदाज १९८३ साली मांडला गेला होता. म्हणजे एकरी साडेसहा टन. दीड ब्रास माती कोणी ट्रॅक्टर लावून चोरली तर आपण पोलिसांत जाऊ. पावसानं नेली की कळतही नाही, कारण ती सगळ्या रानावरून सारखी जाते. भिंगारच्या ओढ्यांनी ती सीनेला जाते आणि पुढे धरणात बसते.

तुमच्याकडे हे जास्त का होतं? कारण रब्बीच्या ज्वारीसाठी रान जून ते सप्टेंबर मोकळं असतं. नगरचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, पण पडतो तो याच चार महिन्यांत आणि सप्टेंबरात सर्वांत जोरानं. नेमकं तेव्हा रान उघडं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७६ पासून काळ्या जमिनीवर याचाच अभ्यास चालला आहे. पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बी घेण्याच्या जुन्या पद्धतीत हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती गेली. खरिपातही पीक आणि पाण्याला रुंद सरी-वरंब्यांची वाट, अशा पद्धतीत दीड टनाच्या आसपास. माती तेवढी वाचली आणि धान्य कितीतरी पटींनी वाढलं.

तुम्हाला करण्यासारखं : जूनच्या पहिल्या पावसावर मूग किंवा उडीद पेरा. ऑगस्टअखेर शेंगा तोडून पाला रानातच गाडा. ज्वारीच्या पेरणीपर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या वेळेपर्यंत, सप्टेंबरचा पाऊस मुरायला रान मोकळं मिळतं. ताग घेतलात तर ४५-५० दिवसांत, फुलावर यायच्या बेताला, गाडून टाका. उशीर झाला तर ताग जून होतो, कुजत नाही आणि ज्वारीची ओल पिऊन बसतो. मुगाचं पीक फसेल असं वाटत असेल तर निदान उताराला आडवी नांगरट करून छोटे सारे पाडा. पाणी पळायच्या ऐवजी बसेल.

मग बांध. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं, तिथे माती किती वाहते याची मोजणी झाली. १९४२ साली मुंबई सरकारनं जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सोलापूर-नगरच्या माळांवर बांधबंदिस्तीची मोठी कामं झाली. त्या बांधांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. दर नांगरटीला फाळ बांधात वीतभर आत घालायचा, म्हणजे दोन तास जास्त मिळतात. बांध कोरून मिळालेली ती दोन तासांची जमीन आख्ख्या रानाच्या मातीच्या मोलानं पडते.

वरच्या मुरमाड रानात समपातळीचे बांध चालतील. खालच्या भारी काळीत ते घालू नका, पाणी तुंबून फुटतात. तिथे ढाळीचे बांध आणि पाणी काढायला चर हवा. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला वर्षातून दोनदा छाटून रानात टाकता येतो आणि जनावरं ते फारसं खात नसल्यानं राखणही लागत नाही. एक अडचण मात्र एकट्याची नाही. वरच्या शेजाऱ्याचं पाणी तुमच्या बांधावर येत असेल तर तुमचा बांध कितीही उंच असो, टिकणार नाही. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारनं नव्वदच्या दशकात काम सुरू केलं ते डोंगराच्या उतारावरून, माथा ते पायथा, आणि चराईबंदी सगळ्या गावानं पाळली म्हणून ते टिकलं.

आता गाळ. सलाबतखानाच्या काळापासूनच्या भातोडीच्या तलावासारखे जे तलाव आपल्या भागात आहेत, त्यांत बसलेली माती ही वरच्या रानांचीच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, त्यातून गाळ नेता येतो. वरच्या मुरमाड रानाला तो जरूर टाका, ओल धरण्याची ताकद वाढेल. खालच्या काळीत टाकू नका, ती आधीच चिकण आहे. एकरावर एक सेंटीमीटर थर द्यायला १४ ब्रास गाळ लागतो, तेवढा हिशेब करून वाहतूक ठरवा. टाकण्याआधी गाळाचा सामू आणि वाहकता तपासून घ्या, नाहीतर दुसऱ्याचं चोपण आपल्या रानात येईल. आणि बांध घातल्याशिवाय गाळ टाकू नका. तो आला त्या वाटेनंच परत जाईल.

प्रश्न : पांढरी परत आलेल्या जागी दुकानदार जिप्सम टाका म्हणतो. टाकू?

अजून नाही. आधी एक घरगुती तपासणी करा. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. विहिरीचं नको. त्यात त्या जागेतलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि न हलवता चार-पाच तास ठेवून द्या. ढेकूळ फुटून खाली नुसतं पसरलं आणि पाणी निवळ राहिलं तर घाबरू नका. पण ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय धरलं आणि ते पसरत गेलं, तर मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं आहे. हेच वलय रानात पावसाच्या पाण्यात तयार होतं, मातीची सूक्ष्म भोकं बुजवतं, पाणी मुरत नाही. डबक्यातलं पाणी आठ-आठ दिवस गढूळ राहतं आणि वाळल्यावर कुदळ बसत नाही, ते यामुळेच.

हे आपल्या भागात नवं नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि पंचवीस वर्षांत त्याच्याखालच्या जमिनी खारवट पडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे तीच कहाणी प्रवरा आणि गोदावरी कालव्यांखाली आपल्या जिल्ह्यात घडली. भारी काळी माती, सढळ पाणी, निचऱ्याला वाट नाही, वर कडक ऊन. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. तुमच्याकडे कालवा नाही, पण विहीर आहे. म्हणून मातीबरोबर विहिरीचं पाणीही तपासा. त्यातल्या 'अवशिष्ट सोडियम कार्बोनेट'चा आकडा अडीचच्या वर असेल तर मातीवर कितीही औषधं केली तरी दर पाण्याला तुम्ही सोडियम परत घालताच आहात.

कांद्याची रोपं तिथेच का जातात याचंही कारण आहे. क्षारांच्या बाबतीत कांदा फार नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता १.२ च्या वर गेली की त्याचं उत्पन्न घटायला लागतं. गहू सहापर्यंत तग धरतो, ज्वारीही जवळपास तितकीच. पत्रिकेवरचा ०.८ आकडा वेगळ्या रीतीनं मोजलेला असतो, त्यात मातीत जास्त पाणी घालून मापतात, म्हणून तो कमी दिसतो. तेव्हा तेवढ्या तुकड्यात दोन-तीन वर्षं कांद्याचा नाद सोडा, ज्वारी किंवा गहू घ्या.

आता क्रम. पहिला, चर. खालच्या बाजूनं ओढ्याकडे पाणी निघून जाईल असा खोल उघडा चर काढा. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं, पण हटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट हवी. चर नसेल तर ते तिथेच फिरत राहतं. दुसरा, जिप्समची गरज प्रयोगशाळेत काढून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्सम. तिसरा, मे महिन्यात ते वरच्या थरात मिसळा, बांध घालून पावसाचं पाणी आत मुरू द्या. चौथा, लगेच धैंचा पेरा. चोपणात तो तागापेक्षा चांगला तग धरतो आणि त्याची मुळं पाण्याला वाट करून देतात. मातीवर लिंबाचा रस टाकला की फसफसत असेल तर चुना भरपूर आहे. अशा जमिनीत गंधकही उपयोगी पडतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि आम्ल चुन्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. मात्र त्याला वेळ लागतो.

प्रश्न : पैसा मोजका आहे. आधी काय करू?

पहिल्या वर्षी नव्या प्रकारची एकही गोणी, बाटली, पुडी विकत घेऊ नका. विहिरीचं पाणी आणि खालच्या तुकड्याचं सोडियम तपासा. या दोन तपासण्यांचा खर्च डीएपीच्या एका गोणीपेक्षा फार वेगळा होणार नाही. वरच्या रानाचे बांध दुरुस्त करा, खालच्या रानाचा चर काढा. जेसीबीचे हे काही तास हाच पहिल्या वर्षाचा मोठा खर्च. पालाश थांबवा किंवा अर्ध्यावर आणा, युरिया शिफारशीइतकाच आणि मातीआड द्या. जे वाचेल ते बांध-चरात घाला.

दुसऱ्या वर्षापासून मूग किंवा ताग, दरसाल चार-पाच टन नीट कुजवलेलं खत, बांधावर गिरिपुष्प. गाळ मिळाला तर वरच्या रानाला. चोपण ठरलं तर जिप्सम, तेही चराचं पाणी वाहतं झाल्यावर. शक्य असेल तर जुन्या ओळखीच्या धनगरांना उन्हाळ्यात वरच्या रानात वाडा बसवायला बोलवा. रात्रीचे पैसे पडतील, पण वाहतूक आणि पसरण्याची मजुरी वाचते.

तिसऱ्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागांचे नमुने पुन्हा काढा. पीक निघाल्यावर, खत दिल्याला अडीच-तीन महिने होऊन गेल्यावर. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती घ्या, एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरवा. विहीर, बांध, झाड, उकिरडा यांच्याजवळची माती नको. कर्ब ०.३६ चा ०.४० झाला असेल तर तुमचं बरोबर चाललं आहे, त्याहून वेगानं तो चढत नसतो. खालच्या रानाचा सामू ८.९ वरून खाली आला नसेल तर आधी चराकडे बघा, मग जिप्समच्या बिलाकडे.